बारसे न झालेले

आपल्या भाषेची मोठी गंमत आहे. बाईला मूल व्हायचे असले की आपण म्हणतो, 'तिला दिवस गेले.' दिवस जातात आणि त्या जाण्यातच कोणाचे तरी येणे असते! पण ते येणारे अर्ध्या वाटेवरच राहिले तर? तर आमच्याकडे म्हणतात, 'पोट पडलं.' भिंत पडते, भाव पडतो, तसेच पोट पडते. कोण गेले आणि कोणाचे गेले, याचा त्या दोन शब्दांत पत्ताही नसतो.

'हा विषय काय वार्षिकांकात लिहिण्यासारखा आहे?' असे एका मैत्रिणीने मला विचारले. खरे सांगायचे तर धास्ती मलाही होती. कारण हे लिहायचे म्हणजे माझ्या ताईबद्दल लिहावे लागणार. म्हणून आधी तिलाच विचारले. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्याले नाव नाई भेटलं, मंग माह्यं नाव कायले लिवतं? पन लिव." म्हणून लिहिते आहे.

ताईचे सासर कळंब तालुक्यातल्याच एका खेड्यात. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात तिला पाचवा महिना होता. एका रात्री पोटात दुखू लागले आणि पहाटेपर्यंत सारे संपले. दवाखान्यातून तिला सरळ माहेरी आणले. पहिले आठ दिवस आमचे घर बायांनी भरलेले असे. साऱ्या मायेच्या बाया! कोणी दूध आणी, कोणी डिंक. आणि प्रत्येक जण धीर देई. "जीव वाचला हे काय कमी हाये?" "वय कुठी गेलं तुह्यं?" "वर्साच्या आत पाळना हालते का नाई पाय!" शेजारच्या आजीने तर उभा जन्म कपाशीत काढलेला. ती म्हणाली, "बाई, पऱ्हाटीचे पाते गळतेतच. झाड उभं पाह्यजे. बोंड धरतेच पुन्हा."

पातेगळ म्हणजे काय हे आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पोरासोरांनाही सांगावे लागत नाही. पावसाची झड लागली, ढगाळी राहिली की झाडाखाली पात्यांचा सडा पडतो. झाड जेवढी पाती धरते तेवढी सारी बोंडे कधीच होत नाहीत. आजीचे म्हणणे विज्ञानालाही धरून आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०२१ साली जगभरचा आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार लक्षात आलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी सुमारे पंधरांचा शेवट गर्भपातात होतो. जगात वर्षाला सुमारे दोन कोटी तीस लाख. म्हणजे ही गोष्ट विरळा नाही, घरोघरची आहे. तरीही प्रत्येक बाईला वाटते की हे आपल्या एकटीवरच आले. कारण ज्यांच्यावर आले त्यांपैकी कोणी बोललेलेच नसते.

दिवसा बायांपुढे ताई मान हलवी. रात्री मी तिच्याजवळ झोपत असे. मध्यरात्री जाग यावी तर ही भिंतीला टेकून बसलेली! आणि तिचा एकच हिशेब चाललेला. "त्या दिशी मी भरला हांडा उचलला. नागपंचमीले चिरू नाई म्हन्तेत, म्या वांगं चिरलं. सासूबाई म्हनल्या होत्या वावरात नोको जाऊ, मी गेली." डॉक्टरांनी तिला सांगितले होते की तपासणीत गर्भाशयाचे तोंड कमजोर निघाले, पुढच्या वेळी टाका घालावा लागेल. हे तिने ऐकले होते, तिला कळलेही होते. पण कळणे वेगळे आणि पटणे वेगळे. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात, त्यांतले जवळजवळ निम्मे गुणसूत्रांतल्या दोषामुळे पडतात. त्यात ना हांड्याचा दोष, ना वांग्याचा. पण आई आपला अपराध शोधतच राहते. मला वाटते, अपराध सापडला तर निदान काही कारण तरी सापडते, म्हणून ती शोधत असावी. कारणच नाही, हे सोसणे त्याहून कठीण.

हे केवळ बाईच्या मनाचे खेळ म्हणून सोडून देण्यासारखे नाही. लंडन आणि बेल्जियममधील डॉक्टरांनी सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ गमावलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. तो २०२० साली प्रसिद्ध झाला. महिन्याभरानंतर शंभरातल्या सुमारे २९ जणींत मोठ्या आघातानंतर दिसतात तशी लक्षणे होती: तेच दृश्य पुन्हा पुन्हा समोर येणे, दचकून उठणे, त्या आठवणीची वाट टाळणे. नऊ महिन्यांनंतरही ती १८ जणींत होती. नऊ महिने! एका बाळाला जन्माला यायला जेवढा काळ लागतो, तेवढा काळ लोटूनही आघात ताजाच. त्यांच्या जोडीदारांतही, कमी प्रमाणात का होईना, हीच लक्षणे आढळली.

जोडीदार म्हटले की मला भाऊजी आठवतात. त्यांना सगळ्यांनी एकच सांगितले, "तू घट्ट राय. तिले सांभाळ." ते घट्ट राहिले. दर दोन दिवसांनी येत, ओसरीवर बसत, चहा पीत आणि पावसापाण्याचे बोलून निघून जात. पुढे पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या विदर्भात तान्हा पोळा भरतो आणि लहान मुले लाकडी बैल सजवून नेतात. भाऊजींनी आषाढातच सुताराला एक छोटा लाकडी बैल सांगून ठेवला होता. अजून जन्म व्हायचा, मुलगा की मुलगी ठाऊक नाही, तान्ह्या पोळ्याला चालायला अजून दोन वर्षे तरी हवीत. आणि यांचा बैल तयार! सुताराने बैल आणून दिला तेव्हा त्याला काही माहीत नव्हते. भाऊजींनी पैसे दिले, बैल घेतला आणि माळ्यावर ठेवला. हे मला सुताराच्या मुलीकडून कळले. 'तुम्हाला कसे वाटते?' असे त्यांना कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. बापाचे तर पोटही पडलेले नसते ना!

अमेरिकेतील केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा दुःखाचा एक वेगळा वर्ग मांडला. ज्या दुःखावर दुःखी होण्याचा हक्कच समाज मान्य करत नाही, ते दुःख. आपल्याकडे मरणाचे किती नियम! सुतक आहे, तिसरा आहे, दहावा आहे, तेरावी आहे. शेजारी चूल पेटू देत नाहीत, सोयरे पिठले-भाकरी घेऊन येतात. या साऱ्या रूढींना नावे ठेवणे सोपे आहे. पण त्या दुःखाला बसायला एक जागा देतात. बारसे न झालेल्यासाठी मात्र यातले काहीच नाही. मनुस्मृतीत गर्भस्रावाचा नियम आहे: जितके महिने तितक्या रात्री अशौच. म्हणजे विटाळाचा हिशेब झाला, दुःखाचा राहूनच गेला.

आजच्या कायद्यात थोडी जागा आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपात झालेल्या नोकरदार स्त्रीला सहा आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली. न्यूझीलंडने २०२१ साली एक पाऊल पुढे टाकले. अशा वेळी आई आणि तिचा जोडीदार दोघांनाही तीन दिवसांची शोकरजा दिली. ताई विसाव्या दिवशी निंदायला गेली. निंदणातून रजा हवी तर अर्ज कोणाच्या नावे करायचा?

इतिहासात शोधायला गेले तर आपल्यासमोर डॉ. आनंदीबाई जोशी उभ्या राहतात. १८६५ चा जन्म, नवव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न, चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. योग्य उपचार मिळाला नाही, ही खंत मनात धरून त्या १८८३ साली अमेरिकेला गेल्या. १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि प्रबंधासाठी विषय घेतला तोही हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्राचा. १८८७ साली, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्यांचा अंत झाला. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो आणि प्रत्येक वेळी ऊर भरून येतो. पण वाचकहो, ती गोष्ट आपण कशी सांगतो ते पाहा. 'बाळ गेले, म्हणूनच देशाला पहिली स्त्री डॉक्टर मिळाली!' जणू ते मूल म्हणजे एक पायरी. चौदा वर्षांच्या त्या मुलीने दहा दिवस त्याला पदराखाली घेतले होते, अकराव्या दिवशी पदर रिकामा होता, इथे आपण क्षणभरही थांबत नाही.

मला जे म्हणायचे आहे ते हेच. आपले सारे सांत्वन पुढच्याकडे बोट दाखवते. पुढचे बोंड, पुढचे मूल, पुढचा पराक्रम. जे गेले त्याच्यापाशी उभे राहायला कोणी तयार नाही. ताई काही अमेरिकेला जाणार नव्हती. मग तिच्या दुःखाची किंमत शून्य का? ताईला पुढे मूल झाले की नाही, हे मी इथे मुद्दामच लिहीत नाही. तेवढे कळले की वाचणारा सुटकेचा श्वास टाकतो आणि पहिल्याला विसरून जातो.

आपल्या विदर्भातच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच बायांना तयार केले, प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू नोंदवला आणि नवजात बाळांची काळजी घरच्या घरी घेतली. त्यांचा निबंध १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला तेव्हा नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे जगाला दिसले. या कामातून मी एक गोष्ट शिकले: आधी मोजावे लागते. ज्याची मोजदाद नाही त्याच्यासाठी कोणी धावत नाही. मृत जन्माची नोंद करायला आपल्या कायद्याने सांगितले आहे, पण ती २८ आठवड्यांनंतरच्या. त्याआधी जे गेले त्याचा हिशेब कोणत्या वहीत?

तो आईच्या वहीत असतो. ताई माहेरी असतानाच एका संध्याकाळी आई तांदूळ निवडता निवडता मला म्हणाली, "तुही ताई झाली, मंग एक आलं अन् गेलं. सातव्या महिन्यात. पोरगं होतं. मंग तू." एवढेच. आम्ही दोघी बहिणी, असे मी सगळ्यांना सांगत आले; आईच्या हिशेबी आम्ही तिघे होतो.

आमच्या वावरात धुऱ्याजवळ, बाभळीखाली, एक कोपरा आहे. बाबा डवरा तिथवर आणतात आणि चार हात अलीकडूनच वळवतात. मला वाटे, तिथे दगड असेल. आईला विचारले तेव्हा कळले, तिथे दगड नाही. बाबांनी स्वतः आपल्या हाताने खड्डा केला होता. त्यावरही तेव्हा बाया आल्या असतील, दूध आणले असेल, 'वर्षाच्या आत पाळणा हालेल' म्हणाल्या असतील. त्यांनी ज्या पुढच्याची ग्वाही दिली, ती पुढची म्हणजे मी. मी आले, चालू लागले, शाळेत गेले, कॉलेजात आले. पण बाबांचा डवरा अजून तिथूनच वळतो. एक मूल दुसऱ्याची जागा भरून काढते हे खरे असते, तर तो कोपरा केव्हाच पेरला गेला असता.

त्या आठ दिवसांत आलेल्या बायांपैकी ताईला आज एकच आठवते. तिच्या सासरच्या गावची आशाताई. तिने धीर दिला नाही, देवाचे नाव काढले नाही. जवळ बसून एवढेच विचारले, "हालत होतं का वं?" आणि ताई बोलू लागली. "हो, नुकतंच. मासोळीवानी." तासभर ती त्याच्याबद्दलच बोलत होती. त्या रात्री ती पहिल्यांदा झोपली.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या घरात, आळीत, कदाचित आपल्याच बाकावर बसणाऱ्या एखाद्या लग्न झालेल्या मैत्रिणीवर हा प्रसंग येईल. शंभरात पंधरा म्हणजे येईलच. तेव्हा पुढच्याचे बोलण्याची घाई करू नका. जे गेले त्याच्याबद्दल एक प्रश्न विचारा आणि गप्प बसून ऐका. आणि ओसरीवर पावसापाण्याचे बोलत बसलेला एक बाप असेल, त्यालाही विचारा.