दोन जिवांची

वजन उतरावें म्हणून आमच्या भाचीनें जठरास वळसा घालणारी शस्त्रक्रिया करवून घेतली. तीस सात महिने होतात न होतात तोंच पोरीला दिवस गेले. निदान १२ ते १८ महिने थांबा, असें डॉक्टरांनीं बजावलें होतें. पण मेद झडूं लागला कीं वर्षानुवर्षें रुसलेले बीजकोश अवचित जागे होतात, आणि अशा देहांत गर्भनिरोधक गोळी पुरती शोषली जाईलच, असा भरंवसा नसतो. नऊ वर्षें नवससायास करून जें लाभलें नाहीं, तें नको त्या मुहूर्तावर दारीं आलें!

आमच्या ताईचा धोशा एकच : “दोन जिवांची आहेस, दोघांचें जेव.” अर्ध्या वाटीनें तुडुंब होणारें जठर कोणाकोणाचें जेवणार? डोहाळजेवणाच्या ताटापेक्षां लोह, कॅल्शियम, बी-१२ यांच्या गोळ्यांचेंच कौतुक अधिक. मूल वजनानें लहान राहण्याची धास्ती निराळीच. साखरेच्या तपासणीचें गोड पाणी सोसणार नाहीं, म्हणून आठवडाभर बोट टोचून घरींच रक्त पाहिलें.

सातव्या महिन्यांत काटा किलोभर वर सरकला. तिनें तें आम्हांस हर्षानें कळविलें. आणि लगेच, पूर्वीचें अंग परत तर येणार नाहीं ना, असेंही विचारलें.