बोट लागणे



२०२४ च्या नोव्हेंबरात, दिवाळी आटोपल्यावर मी चार दिवसांची रजा घेतली होती. परत आले तर आठवीच्या मुलांनी जिन्यातच गाठलं. "मॅडम, तुम्ही खरंच जहाजानं गोव्याला गेला होता? जहाज हलतं का? त्यात लिफ्ट असते का?" तेव्हा घंटा झाली म्हणून मी सुटले. वार्तापत्राच्या संपादक मंडळानं मात्र पिच्छा सोडला नाही. म्हणून लिहिते. माझं शिक्षण पहिलीपासून बी.ए.पर्यंत हिंदी माध्यमातून झालं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका मराठीच्या बाईंनी निमूटपणे सुधारून घ्याव्यात.

आपण माळव्यातली माणसं. आपल्याला पाणी म्हणजे नर्मदेचं, तेही नळाला एक दिवसाआड. फार झालं तर यशवंत सागर, नाहीतर बिलावली तलाव. समुद्राच्या जहाजावर तीन रात्री राहायची ही कल्पना आमच्या मुलीची. ती पुण्याला नोकरी करते. पहिल्या वर्षाच्या पगारातून तिनं काही पैसे बाजूला टाकले होते आणि तिला आम्हा सगळ्यांना कुठेतरी न्यायचं होतं. मुंबईहून निघून गोवा करून परत मुंबई, असा बेत ठरला.

"सगळ्यांना" असं ती म्हणाली खरं, पण मी हिशेब चौघांचाच केला. आम्ही दोघं, मुलगी आणि कॉलेजात जाणारा मुलगा. सासूबाईंना देवासला नणंदेकडे चार दिवस ठेवायचं, असं मी परस्पर ठरवूनही टाकलं. त्यांचं वय तेव्हा त्र्याऐंशी. गुडघे दुखतात, रात्री दोनदा उठावं लागतं. आणि याहून मोठं एक कारण होतं, जे आमच्या घरात कोणी बोलत नाही पण सगळ्यांना ठाऊक आहे.

१७ जुलै १९४७ ला मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' नावाची बोट सकाळी रेवसला जायला निघाली होती. भर पावसाळा, अमावास्येचा दिवस. रेवसच्या अलीकडे काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटेनं ती कलंडली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यांत आमच्या सासूबाईंचे वडील होते. गिरगावात एका दुकानी ते वह्या लिहायचे आणि महिन्यातून एकदा अलिबागजवळच्या आपल्या गावी जायचे. सासूबाई तेव्हा सहा वर्षांच्या. पुढे त्यांच्या आईला भावानं इंदूरला आणलं, रामबागेत. म्हणून ही मुलगी कोकणची असून इंदूरची झाली, आणि म्हणूनच पुढे माझी सासू झाली. मुंबईला लग्नकार्यांना त्या कितीदा गेल्या, पण चौपाटीवर कधी उतरल्या नाहीत.

तर एके संध्याकाळी आम्ही जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलो होतो. सासूबाई माळ ओढत बसल्या होत्या. माळ थांबवून म्हणाल्या, "माझं तिकीट कुठाय?"

मी म्हटलं, "आई, तुम्हाला झेपणार नाही. शिवाय..."

"शिवाय काय ते मला ठाऊक आहे. तू विचारलंस का मला?"

विचारलं नव्हतं. एवढी वर्षं शाळा चालवल्यावर माणसाला दुसऱ्याच्या वतीनं ठरवायची सवय लागते, आणि ती घरीही येते. पालकांना मी नेहमी सांगते की मुलाला विचारा, मग शाखा निवडा. ते वाक्य त्या रात्री मला फार वेळ आठवत राहिलं.

पाचवं तिकीट काढायचं ठरलं आणि तिथून खरी तयारी सुरू झाली.

आधी पैशांचं सांगते, कारण पालक तेच विचारतात. जाहिरातीत जो आकडा असतो तो खोलीत दोघं राहतील असं धरून, एका माणसाचा असतो. त्यावर बंदराचं शुल्क, सेवेचा आकार आणि कर चढतो. साधं जेवण भाड्यात असतं, पण काही उपाहारगृहं, थंड पेयं, इंटरनेट यांचे पैसे वेगळे. आमच्या ह्यांची सगळी नोकरी बँकेत गेली. त्यांनी पहिल्याच दिवशी वहीत दोन रकाने आखले, "सांगितलेले" आणि "लागणारे". दुसरा रकाना पहिल्याच्या जवळजवळ दीडपट झाला. मुलीचा चेहरा उतरला, तेव्हा हे म्हणाले, "वरचे माझे." ती नाही म्हणाली. दोन दिवस वाद चालला आणि शेवटी निम्मे-निम्मे झाले.

देशातल्या देशात जायचं असल्यामुळे पासपोर्ट लागला नाही, पण सरकारी ओळखपत्र हवंच, आणि त्यावरचं नाव तिकिटावरच्या नावाशी जुळायला हवं. इथे आमचं घोडं अडलं. तिकीट काढून देणाऱ्यानं सासूबाईंचं घरात हाक मारतात ते नाव लिहिलं. आधारवर सासरचं नाव, बँकेच्या पुस्तकात तिसरंच. दुरुस्तीसाठी फोन केला की "कल हो जाएगा", आणि असे अकरा 'कल' झाले. मुलांचे दाखले भरताना आमचं कार्यालय नावाच्या एकेका अक्षरावर अडून बसतं, ते का, हे ज्या पालकांना त्रास वाटतो त्यांनी ही हकिकत वाचावी.

मग खोली. आतल्या बाजूची बिनखिडकीची खोली स्वस्त. आम्ही ती घेणार होतो. सासूबाईंनी विचारलं, "मुंबईतून बाहेर पडताना रेवस कुठल्या हाताला येईल?" आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना. मी शाळेतून मोठा नकाशा घरी आणला आणि जमिनीवर पसरला. जहाज बॅलार्ड पिअरहून निघून दक्षिणेकडे वळतं. कुलाबा उजव्या हाताला राहतो. उरण, रेवस, मांडवा हा सगळा किनारा डाव्या हाताला. सासूबाईंनी चष्मा लावून रेवसवर बोट ठेवलं, आणि खिडकीची खोली घ्यायची, तीही डाव्या बाजूची, हे ठरलं. त्या खोलीचे जादा पैसे त्यांनी आपल्या पेन्शनीतून दिले. मी घेतले, कारण न घेणं बरं दिसलं नसतं.

भाषेची एक गंमत सांगते. तयारीच्या दिवसांत त्या आपलं लहानपणीचं बोलायला लागल्या. "बोट नांगर टाकून उभी राहायची," असं म्हणाल्या, आणि माझ्या डोळ्यांपुढे शेत नांगरणारा नांगरच आला. हिंदीत त्याला लंगर म्हणतात. मराठीत जमिनीतला आणि पाण्यातला नांगर एकाच नावाचा, हे मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कळलं. तसंच, "तुला बोट लागते का गं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी हाताचं बोट पाहिलं. गाडीत मळमळलं की आपण गाडी लागली म्हणतो, तशी ही बोट लागणं.

त्यावर घरात चर्चा बरीच झाली. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की उलटीची गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची, नंतर तिचा फारसा उपयोग नाही, आणि तिनं झोप येते म्हणून म्हाताऱ्या माणसाला विचारल्याशिवाय द्यायची नाही. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी लागतात. मळमळलं तर मोबाइलमध्ये डोकं घालू नये, दूर क्षितिजाकडे बघावं. पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको. सासूबाईंनी गोळी नाकारली आणि आल्याच्या वड्या केल्या. नोव्हेंबरात समुद्र बहुधा शांत असतो. पावसाळ्यात मुंबईहून अशा फेऱ्या साधारणपणे होतच नाहीत, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते तेव्हा कळायला हवं होतं."

आमचं जहाज १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं, २११ मीटर लांब, अकरा मजल्यांचं. लिफ्ट असते, मुलांनो. 'रामदास'ची लांबी साधारण १८० फूट होती. मुलानं शाळेच्या मैदानावर दोन्ही मापं पावलांनी मोजायचा प्रयत्न केला. लहान माप मैदानात बसलं, मोठं माप फाटकाबाहेर पार रस्ता ओलांडून गेलं. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, तेव्हा जहाज पंधरा नॉटनं चाललं म्हणजे ताशी अठ्ठावीस किलोमीटर. आपली सिटी बस मोकळ्या रस्त्यावर याहून जोरात पळते.

सामानाची यादी मी केली आणि सगळ्यांनी मोडली. इस्त्री, पाण्याची किटली, वायरचा जोडफळा हे आगीच्या भीतीनं नेऊ देत नाहीत. घरचं शिजवलेलं खाणंही चालणार नव्हतं, म्हणून पोळ्या आणि बटाट्याची भाजी अवंतिका एक्स्प्रेसमध्येच संपवायची होती. औषधं मोठ्या बॅगेत ठेवायची नाहीत, कारण ती बॅग धक्क्यावर घेतात आणि खोलीत बऱ्याच उशिरा येते. चाकाची खुर्ची आधी कळवून ठेवावी लागते. यादीत नसलेली एक वस्तू सासूबाईंच्या पिशवीत सापडली : नारळ. तो जहाजावरून सोडायचा होता. जहाजावरून समुद्रात काहीही टाकायला मनाई असते, आणि तो नियम योग्यच आहे, पण हे त्यांना सांगायचं कोणी? मुलीनं सांगितलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "धक्क्यावरून चालेल ना?"

पहाटे मुंबई सेंट्रलला उतरलो. जहाजावर दुपारनंतर चढायचं होतं. टॅक्सी माझगावच्या बाजूनं भाऊच्या धक्क्यावर नेली. मासळीचा बाजार भरात होता, पायाखाली सगळं ओलं. सामान सांभाळत आम्ही एका कडेला उभे राहिलो. पलीकडच्या लाँचवाल्यानं आपणहून विचारलं, "आजी, रेवस?" त्या म्हणाल्या, "नाही बाबा. इथवरच." त्यांनी नारळाला हळदकुंकू लावलं. वाकता येईना म्हणून नारळ मुलाच्या हाती दिला, आणि त्यानं पायरीवर उतरून पाण्यात सोडला. नारळ भिंतीला लागून तिथेच डुलत राहिला, दूर काही गेला नाही. आम्हीच निघालो.

जहाजावर चढल्यावर पहिलं काम कवायतीचं. सात आखूड आणि एक लांब भोंगा झाला की आपल्याला नेमून दिलेल्या जागी गोळा व्हायचं. पूर्वी ही कवायत निघाल्यावर चोवीस तासांत केली तरी चालत असे. इटलीजवळ २०१२ साली एक मोठं जहाज कवायतीआधीच आपटलं, आणि २०१५ पासून ती निघण्याआधी किंवा निघताक्षणीच घेणं सक्तीचं झालं. बरेच प्रवासी फोटो काढत होते. सासूबाई खुर्चीत ताठ बसून ऐकत होत्या. कर्मचारी मुलीनं जाकीट कसं बांधायचं ते दाखवलं, तेव्हा त्यांनी हात वर केला, वर्गातल्यासारखा, आणि हिंदीत विचारलं, "सबके लिए है?"

"जी आजी, सबके लिए. और कुछ ज़्यादा भी. बच्चों के अलग नाप के."

त्यांनी ते जाकीट मागून घेतलं, पट्टे ओढून पाहिले आणि परत दिलं.

जहाज सुटलं तेव्हा ऊन उतरलं होतं. त्या खिडकीशी बसल्या. डावीकडचा किनारा धुरकट दिसत होता. त्यातलं रेवस कुठलं ते मी सांगू शकले नाही, त्यांनीही विचारलं नाही. मी बाहेर जाऊन बसले.

रात्री नऊच्या सुमारास वारा वाढला. गोळी घ्यायची माझ्याकडून राहून गेली होती, इतरांना द्यायच्या नादात. बोट मला लागली, आणि चांगलीच लागली. मुलं वर गाणी ऐकायला गेली होती. सासूबाई माझ्या उशाशी बसल्या, आल्याची वडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "खिडकीबाहेर बघ. खाली नको बघूस, लांब बघ."