चौलचे बंदर

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उभे राहावे, तो कोळ्यांनी डोल बांधण्यासाठी खाडीत रोवलेले खुंट एकामागून एक पाण्याबाहेर डोकावू लागतात. आणि सन १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेंसो द आल्मेदा इजिप्त व गुजरात यांच्या आरमारांशी झुंजत असता याच कुंडलिका नदीच्या मुखाशी त्याचे जहाज असल्याच खुंटांत गुंतून पडले व तो तिथेच कामी आला, हे स्मरले की त्या शेवाळलेल्या लाकडांवरून माझी दृष्टी हलत नाही.

पलीकडे कोर्लईचा डोंगर, अलीकडे नारळी-पोफळीच्या वाड्यांत बुडून गेलेला कोट आणि त्या हिरवाईतून वर आलेला सातखणी मनोरा, हे सारे पाहावे असेच आहे. माझी ओढ मात्र तटांपेक्षा चौलच्या पेठेकडे अधिक. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल्-मसूदी इथे आला, तेव्हा या एका बंदरात त्याला सुमारे दहा हजार मुसलमान नांदताना आढळले. परक्याला घर देणारे गाव मला जिंकणाऱ्या गावाहून नेहमीच थोर वाटत आले आहे.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियातील त्वेर नगरीचा व्यापारी अफनासी निकितिन इथेच उतरला, तो एक घोडा घेऊन. दख्खनेत घोड्याला मोल येते एवढ्या भरवशावर त्याने आपला सारा ऐवज त्या जनावरात गुंतवला होता. घाट चढून तो जुन्नरला पोहोचला आणि पावसात अडकला. चार महिने अहोरात्र पाणी आणि चिखल, असे त्याने लिहून ठेवले आहे. तिथल्या अंमलदाराने, असदखानाने, घोडा जप्त केला आणि चार दिवसांची मुदत दिली: धर्म बदललास तर घोडा परत, वर हजार मोहरा, नाही तर घोडाही गेला आणि दंडही भरायचा. स्वधर्म न सोडणारा तो एकाकी माणूस त्या चार दिवसांत काय काय विचार करीत असेल, याने मी अनेकदा व्याकुळ झालो आहे. अखेर महंमद नावाच्या एका खुरासानी ख्वाजाने रदबदली करून घोडा सोडवला. मुसलमानाने ख्रिस्त्याचा धर्म राखला! पुढे बेदरला तो घोडा विकला गेला. इकडे घोड्यांना हरभरे घालतात, साखर आणि तेल घालून खिचडी शिजवून देतात, हेही निकितिनने मोठ्या आस्थेने टिपले आहे.