झुरागच्या वाटेने: उलानबातर ते एर्देने झू

मंगोलियातील चित्रकलेचा माग काढणाऱ्या प्रवाशाने उलानबातरमध्ये प्रथम झनाबाजार ललितकला संग्रहालय गाठावे, कारण ज्या शैलीचे पुनरुज्जीवन आजचे चित्रकार करत आहेत तिचे मूळ चित्र तेथे आहे आणि ते पाहिल्याशिवाय पुढच्या चित्रांचा अर्थ लागत नाही. ज्याच्या नावाने हे संग्रहालय ओळखले जाते तो झनाबाजार (1635–1723) मंगोलियातील बौद्धांचा धर्मगुरू आणि थोर शिल्पकार होता. त्याने घडवलेल्या तारादेवींच्या व ध्यानी बुद्धांच्या सोनेरी मूर्तींपुढे पाय रेंगाळतात. तरी ज्यासाठी हा प्रवास करायचा ते चित्र देवादिकांचे नाही.

बाल्दुगीन शारव (1869–1939) या चित्रकाराचे ‘मंगोलियातील एक दिवस’ हे ते चित्र विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आसपासचे आहे. शारवच्या थट्टेखोर स्वभावामुळे लोक त्याला ‘मार्झन’, म्हणजे विनोदी, म्हणत, आणि तो स्वभाव चित्रभर पसरलेला आहे. एकाच कापडावर शेकडो माणसे आणि जनावरे आहेत: कोणी मेंढ्यांची लोकर कातरत आहे, कोठे घोड्यामागे गुंडाळी ओढून नमदा, म्हणजे तंबूवर घालायचे लोकरीचे जाड आच्छादन, तयार होत आहे, एकीकडे लग्न, दुसरीकडे अंत्यविधी, आणि मधल्या जागेत भांडणे, मद्यपान व शृंगार, काहीही न झाकता. पाहणाऱ्याची नजर एका जागी बांधून ठेवणारे क्षितिज येथे नाही. प्रत्येक प्रसंग जणू टेकडीवरून पाहिल्यासारखा दिसतो आणि कोठूनही सुरुवात केली तरी चालते. हे चित्र पाहायला एक तास अपुरा पडतो.

शारवची घडण थांका परंपरेतील होती. थांका म्हणजे सुती कापडावर काढलेले, गुंडाळून नेता येणारे बौद्ध पूजाचित्र. कापड चौकटीवर ताणून, त्यावर सरस व खडू यांचा लेप देऊन, गुळगुळीत दगडाने घोटून पृष्ठभाग तयार करतात. मग ठरलेल्या प्रमाणांनुसार देवतेची रेखाकृती, सपाट तेजस्वी रंग आणि शेवटी बारीक बाह्यरेषा. शारवने हेच हात, हेच रंग आणि हीच रेषा देवळातून काढून गवताळ माळावर आणली. मंगोलियातील साम्यवादी क्रांतीनंतर त्याने लेनिनचे व्यक्तिचित्र आणि प्रचारफलकही काढले, यात विसंगती शोधण्याचे कारण नाही, कारण त्याची रेषा पहिल्यापासूनच मठाबाहेर पडलेली होती.

मठांवर मात्र लवकरच आपत्ती आली. 1930 च्या दशकाच्या अखेरीस स्टॅलिनच्या प्रभावाखालील राजवटीने शेकडो मठ पाडले आणि हजारो लामांना ठार मारले. त्यांच्याबरोबर थांका रंगवणाऱ्यांची गुरुपरंपरा तुटली. पुढच्या चित्रकारांना तैलरंग आणि समाजवादी वास्तववाद, म्हणजे पक्षाला अपेक्षित असा आशावादी यथार्थ, शिकवला गेला. तरीही 1950 च्या दशकात काहींनी जुनी रेषा पुन्हा हाती घेतली. उर्जिंगीन यादमसुरेन यांचे ‘वृद्ध खूरवादक’ (1958) हे चित्र त्या टप्प्याचे ठळक उदाहरण आहे. खूर हे मंगोल तंतुवाद्य. मॉस्कोत शिकलेले न्यामओसोरीन त्सुल्तेम (1923–2001) यांनी या शैलीची बाजू घेतली आणि ‘मंगोल झुराग’, म्हणजे मंगोल चित्र, या नावाने तिचा इतिहास 1986 मध्ये पुस्तकरूपाने मांडला. म्हणजे आज परंपरा म्हणून जी ओळखली जाते ती स्वतःच एका पुनरुज्जीवनातून घडलेली आहे, आणि साम्यवादी राजवट संपल्यावर, 1990 नंतरच्या पिढीने केलेले पुनरुज्जीवन दुसरे ठरते.

या दुसऱ्या फेरीचा अनुभव संग्रहालयाबाहेर पडताच येतो. शहराच्या टेकड्यांवर गेरांच्या, म्हणजे वर्तुळाकार नमद्याच्या तंबूंच्या, वस्त्या पसरल्या आहेत. माळरान सोडून आलेली कुटुंबे तेथे राहतात आणि उणे तीस अंशांच्या थंडीत ती पेटवत असलेल्या कोळशाचा धूर शहरावर साचतो. 1982 मध्ये जन्मलेल्या नोमिन बोल्ड यांच्या चित्रांत हेच शहर बौद्ध प्रतिमांशेजारी उभे राहते. त्यांनी मंगोल झुरागचेच शिक्षण घेतले आहे, तरी त्यांच्या चित्रात जुनी शोभा शोधणाऱ्याची निराशाच होईल. दाग्वासाम्बूगीन ऊरिन्तुया घरातील रोजच्या वस्तू आणि स्त्रियांचे जगणे नक्षीच्या दाट विणीत गुंफतात, तर बाटारझोरिग बाटजार्गल यांची चित्रे बाजारव्यवस्थेने बदललेल्या समाजाकडे उपहासाने पाहतात. 2015–16 मध्ये ब्रिस्बेनच्या आशिया-पॅसिफिक त्रिवार्षिक प्रदर्शनात या तिघांबरोबर गेरेल्खू गान्बोल्ड यांचीही चित्रे होती, आणि 2017 च्या ‘डॉक्युमेंटा’ या जर्मनीतील प्रसिद्ध प्रदर्शनात नोमिन व बाटारझोरिग सहभागी झाले. शारवचा वारसा देखण्या घोड्यांपेक्षा त्याच्या गर्दीत, बेधडकपणात आणि थट्टेत आहे. हे ओळखणाऱ्या या चित्रकारांनाच त्याचे खरे उत्तराधिकारी म्हणणे योग्य वाटते.

उलानबातरहून पश्चिमेला साडेतीनशेहून अधिक किलोमीटर गेल्यावर खारखोरिन येते. चंगीझखानाचा मुलगा ओगदेई याची राजधानी काराकोरम येथे होती आणि तिच्या अवशेषांतील दगड वापरून 1585 पासून एर्देने झू हा मठ उभारला गेला, असे मानले जाते. तटबंदीवर स्तूपांची रांग आहे. आतली बहुतेक मंदिरे 1930 च्या दशकात गेली, पण वाचलेल्या मंदिरांतील चित्रे पाहिली की शारवची शिस्त कोठून आली ते समजते. 1990 नंतर येथे पुन्हा पूजा सुरू झाली. त्या दशकात भारताचे राजदूत असलेले लडाखचे कुशोक बकुला रिनपोचे यांनी मंगोलियातील बौद्ध परंपरा सावरण्यास मोठी मदत केली. मठ उघडले की थांकांची मागणी येते, आणि मागणी आली की हात शिकतात.

पर्यटकांसाठी घोडे, उंट आणि गेर यांची छोटी चित्रे विकणारे तरुण मात्र राजधानीच्या सुखबातर चौकातही भेटतात. त्यांत कलाशाळांचे विद्यार्थीही असतात. समीक्षक या विक्रीला नाके मुरडतात, पण शारवलाही दरबाराच्या मागणीवरून काम करावे लागले होते, आणि रंग व कापडाचा खर्च कोणत्याही काळात कोणाला तरी उचलावाच लागतो.