मठातली बिअर : बेल्जियमहून पाच पत्रे

पत्र पहिले
वेस्टमाल्ले, अँटवर्प प्रांत



सिस्टर्शियन पंथाच्या कडक शिस्तीच्या शाखेतील ख्रिस्ती संन्यासी आपल्या मठात जी बिअर बनवतात, तिला ट्रॅपिस्ट बिअर म्हणतात. ही शाखा सतराव्या शतकात फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातील ला ट्रॅप मठात उदयाला आली आणि तिला त्या मठाचेच नाव मिळाले. संत बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकातील नियमावलीप्रमाणे संन्याशाने प्रार्थनेबरोबर अंगमेहनत करून स्वतःचे पोट भरायचे असते. त्यातून मठामठांचे उद्योग ठरत गेले. कुणी शेती केली, कुणी चीज बनवले आणि द्राक्ष नीट न पिकणाऱ्या उत्तरेकडच्या थंड मुलखात अनेकांनी बिअर बनवली.

या नावाचा वापर सैल होऊ नये म्हणून १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय ट्रॅपिस्ट संघटना स्थापन झाली. तिचे षटकोनी चिन्ह मिळवायचे तर तीन अटी पाळाव्या लागतात. बिअर मठाच्या आवारातच आणि संन्याशांच्या हाताखाली किंवा देखरेखीखाली बनली पाहिजे. ब्रुअरीचे स्थान मठाच्या जीवनात दुय्यम राहिले पाहिजे. मिळकतीतून मठाचा निर्वाह आणि डागडुजी भागल्यावर उरलेला पैसा दानधर्माला गेला पाहिजे. बेल्जियममध्ये आज वेस्टमाल्ले, वेस्टव्लेटेरेन, शिमे, रोशफोर आणि ऑर्वाल हे पाच मठ या अटी पाळतात. आखेल हा सहावा मठ होता. तिथे वस्तीला संन्यासी न उरल्यामुळे २०२१ मध्ये त्याच्या बिअरवरचे चिन्ह गेले. लेफसारख्या बिअरच्या बाटलीवर मठाचे नाव आणि चित्र असते, पण ती व्यापारी कंपनी परवान्याने बनवते. अशा बिअरला 'अ‍ॅबी बिअर' म्हणतात. ती वाईटच असते असे मुळीच नाही, पण तिची गणना ट्रॅपिस्टमध्ये होत नाही.

वेस्टमाल्लेचा मठ १७९४ चा. फ्रेंच राज्यक्रांतीत परागंदा झालेल्या संन्याशांनी तो वसवला. इथल्या जेवणाच्या मेजावर मठाची पहिली बिअर डिसेंबर १८३६ मध्ये आली. आज जगभर बनणाऱ्या दोन प्रकारांचे नमुने इथलेच आहेत. गडद तपकिरी डुबेल ७ टक्के अल्कोहोलची असते, तर सोनेरी ट्रिपेल ९.५ टक्क्यांची. ट्रिपेल १९३४ मध्ये आली आणि १९५६ पासून तिची कृती जवळजवळ तीच आहे.

साडेनऊ टक्के असूनही ट्रिपेल जिभेला जड वाटत नाही, आणि याचे कारण साखरेत आहे. माल्टमधल्या काही शर्करा यीस्टला पचत नाहीत, त्या मागे राहतात आणि बिअरला जाडपणा देतात. माल्टच्या उकळत्या काढ्यात घातलेली साधी साखर मात्र यीस्ट पुरती संपवते. अल्कोहोल वाढते, पण बिअर हलकी आणि कोरडी राहते. डुबेलसारख्या गडद बिअरमध्ये साखर तापवून केलेला, काकवीसारखा काळपट पाक वापरतात. तिच्या रंगात आणि सुकामेव्यासारख्या वासात या पाकाचा मोठा वाटा असतो.

मठात पाहुण्यांना सरसकट प्रवेश नाही. समोरच्या कॅफेत मात्र बिअर ओतण्याची रीत नीट पाहता येते. रुंद तोंडाचा, दांड्याचा पेला आधी गार पाण्याने विसळतात. तो तिरका धरून बाटलीतली बिअर एका संथ धारेत, गुडगुड होऊ न देता सोडतात. पेला भरत येतो तसा तो हळूहळू सरळ होतो आणि वर दाट पांढरा फेस चढतो. बाटलीत तळाला बोटभर बिअर मुद्दाम ठेवतात, कारण तिथे यीस्टचा गाळ असतो. तो पेल्यात गेला तर अपाय होत नाही, फक्त बिअर गढूळ होते आणि चव बदलते. पुष्कळ जण तो वेगळ्या छोट्या ग्लासात घेऊन शेवटी पितात.

पत्र दुसरे
वेस्टव्लेटेरेन, पश्चिम फ्लांडर्स

वेस्टव्लेटेरेनचा सिंट-सिक्स्टस मठ फ्रान्सच्या सीमेजवळच्या सपाट शेतीच्या मुलखात आहे. जवळच पोपरिंगे हे बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या लागवडीचे जुने गाव लागते. मठ १८३१ चा, आणि बिअर त्याच दशकाच्या अखेरीस सुरू झाली. आज इथे तीनच बिअर बनतात : ५.८ टक्क्यांची ब्लाँड, ८ टक्क्यांची 'आठ' आणि १०.२ टक्क्यांची 'बारा'. बाटल्यांवर वर्षानुवर्षे लेबल नव्हते. हिरवे बूच ब्लाँडचे, निळे आठचे आणि पिवळे बाराचे, एवढ्यावर ओळख चाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर मठाने ठरवले की बिअर पोटापुरतीच बनवायची. मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन आणि विक्री १९४६ पासून जवळच्या वातू गावातल्या सिंट बर्नार्डस ब्रुअरीकडे परवान्याने गेली. हा परवाना १९९२ मध्ये संपला. २००५ च्या सुमारास 'बारा' जगातली सर्वोत्तम बिअर म्हणून गाजली आणि मठाच्या रस्त्यावर मोटारींच्या रांगा लागल्या. उत्पादन तरीही वाढवले गेले नाही. फोनवरून वेळ ठरवायची, मोटारीचा क्रमांक कळवायचा आणि मोजकेच क्रेट न्यायचे, असा क्रम पुढे अनेक वर्षे चालला. २०१९ मध्ये नोंदणी ऑनलाइन झाली. मठाच्या इमारतीच्या कामासाठी पैसा हवा होता तेव्हा, २०१२ मध्ये 'बारा' भेटपेट्यांतून परदेशी दुकानांत गेली. खर्चाची सोय झाली आणि तो मार्ग बंद झाला.

या बिअरचे मोठेपण जितके चवीत आहे तितकेच या संयमात आहे. मागणी हाताशी असताना संन्याशांनी प्रार्थनेचे वेळापत्रक हलू दिले नाही. बिअर किती बनवायची हे त्या वेळापत्रकावरून ठरते.

मठासमोरच्या 'इन दे व्रेदे' कॅफेत 'बारा' चाखताना गडबड करून भागत नाही. पेला समोर आल्यावर ती बरीच गार असेल तर वास दबलेला असतो. बारा ते सोळा अंशांपर्यंत ऊब आली की मनुका, अंजीर, जळक्या साखरेचा आणि किंचित कोकोचा वास वर येतो. पहिला घोट गोडसर लागतो. मधल्या टप्प्यावर अल्कोहोलची ऊब छातीत उतरते आणि शेवटी हॉप्सचा कडवटपणा गोडवा आवरतो. महाराष्ट्रात बिअर बर्फगार पिण्याची सवय असते, कारण तिथली बहुतेक बिअर लागर जातीची आहे आणि ती तशीच चांगली लागते. मठांच्या कडक बिअरला तो गारवा मारक ठरतो.

पत्र तिसरे
शिमे, एनो प्रांत

बेल्जियमच्या फ्रेंचभाषक भागात, दक्षिण सीमेलगतच्या जंगलात शिमेचा स्कूरमों मठ आहे. तो १८५० मध्ये वसला आणि १८६२ मध्ये त्याने ब्रुअरी उघडली. १८७६ पासून इथे चीजही बनते. पाच मठांत शिमेचे उत्पादन सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे. वेस्टव्लेटेरेनमध्ये वर्षाला काही हजार हेक्टोलिटर बिअर होते, तर इथे लाखाहून अधिक. बिअर मठात बनते, पण बाटल्या जवळच्या बायो गावात भरल्या जातात.

ट्रॅपिस्ट बिअरच्या इतिहासात शिमेचे महत्त्व यीस्टमुळे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर फादर थिओडोर यांनी लुवेन विद्यापीठातले प्राध्यापक जाँ द क्लेर्क यांच्या मदतीने एका यीस्टपेशीपासून शुद्ध वाण वेगळा केला. ब्रुअरीत अनेक तऱ्हेची यीस्ट आणि जिवाणू मिसळलेले असले की एका घाण्याची चव दुसऱ्याला येत नाही. शुद्ध वाणाने हा बेभरवसा संपवला. पुढे रोशफोरलाही द क्लेर्क यांच्या ज्ञानाचा लाभ झाला.

ट्रॅपिस्ट बिअरचे यीस्ट कोमट तापमानात, वीस अंशांच्या वरही, जोमाने काम करते. त्या उबेत अल्कोहोलबरोबर एस्टर नावाची सुगंधी द्रव्ये बनतात. केळे, पिकलेले पेर आणि सफरचंद यांचा भास त्यांतूनच होतो. काही वाण फेनॉलही बनवतात आणि मग लवंग-मिऱ्याची छटा येते. पेल्यात मसाल्याचा वास आला म्हणजे मसाला घातला असेलच असे नाही.

बाटली भरताना थोडी साखर आणि ताजे यीस्ट घालून ती उबदार कोठारात काही आठवडे ठेवतात. बंद बाटलीत पुन्हा आंबवण होते, वायू बिअरमध्येच मुरतो आणि यीस्ट उरलासुरला ऑक्सिजन शोषून बिअरचे आयुष्य वाढवते. बारीक बुडबुड्यांचा टिकाऊ फेस याचेच फळ आहे. शिमेच्या निळ्या लेबलाच्या ९ टक्क्यांच्या बिअरवर वर्ष छापलेले असते. थंड, अंधाऱ्या जागी बाटली उभी ठेवली तर ती काही वर्षे चांगली मुरते. हॉप्सची धार मावळते आणि पोर्ट वाइनसारखा गोडवा पुढे येतो. लाल लेबलाची ७ टक्क्यांची बिअर मात्र ताजीच प्यावी.

पत्र चौथे
रोशफोर, नामूर प्रांत

रोशफोरचा सें-रेमी मठ १२३० चा. सुरुवातीला तो संन्यासिनींचा होता. इथे बिअर बनत असल्याची नोंद १५९५ पासून आढळते. मठाच्या तीन जुन्या बिअर अंकांनी ओळखल्या जातात : लाल बुचाची सहा (७.५ टक्के), हिरव्या बुचाची आठ (९.२ टक्के) आणि निळ्या बुचाची दहा (११.३ टक्के). हे अंक अल्कोहोलचे नाहीत. आंबण्याआधी काढा किती घट्ट होता ते मोजण्याच्या जुन्या बेल्जियन मापावरून ते आले आहेत. २०२० मध्ये त्यांत सोनेरी ट्रिपेलची भर पडली.

बेल्जियममध्ये इतकी कडक बिअर रुजण्यामागे कायद्याचाही हातभार आहे. १९१९ च्या वांदरवेल्दे कायद्याने कॅफे-गुत्त्यांतून ब्रँडी, जिनसारखी ऊर्ध्वपातित दारू विकायला बंदी केली. ती १९८३ पर्यंत टिकली. कडक पेयाची सवय असलेले गिऱ्हाईक कडक बिअरकडे वळले आणि मठांच्या बिअरला बाजार मिळाला.

रोशफोरचे पाणी त्रिदेन झऱ्याचे, चुनखडीच्या खडकातून येणारे आणि कठीण आहे. शेजारची चुनखडीची खाण आणखी खोल नेण्याचा प्रस्ताव आला तेव्हा झऱ्याला धोका होईल म्हणून मठाने दीर्घकाळ न्यायालयीन लढा दिला. पाणी हा बिअरचा सर्वांत मोठा घटक आहे, आणि संन्याशांनी तो जिवापाड जपला.

'दहा' चाखताना प्रमाणाचे भान लागते. तेहतीस सेंटिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ३७ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे पाच टक्क्यांच्या तेवढ्याच लागरच्या सव्वादोनपट. म्हणून बाटली दोघांत वाटून घ्यावी, घोट लहान घ्यावेत आणि मध्ये पाणी व पाव असावा. गाडी चालवणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. अनेक बिअर चाखायच्या तर फिकीपासून गडदकडे आणि हलकीपासून कडककडे जावे. उलट क्रमाने गेल्यास आधीच्या गोडव्याने पुढची बिअर पाणचट लागते. 'दहा'मध्ये वाळलेला आलुबुखारा, अंजीर, चॉकलेट आणि मागाहून मिऱ्याची उष्णता सापडते. मुरलेल्या चीजशी आणि मंद आचेवर शिजलेल्या गोमांसाच्या रश्श्याशी तिची चांगली जोडी जमते. असा रस्सा बेल्जियममध्ये गडद बिअरमध्येच शिजवतात.

पत्र पाचवे
ऑर्वाल, लक्झेंबर्ग प्रांत

ऑर्वालचा पहिला मठ १०७० च्या सुमाराचा. ११३२ मध्ये तिथे सिस्टर्शियन आले, १७९३ मध्ये फ्रेंच क्रांतिसैन्याने तो जाळला आणि पुढे शतकाहून अधिक काळ तिथे भग्नावशेष उरले. १९२६ पासून शेजारी नवा मठ उभा राहू लागला. त्याच्या खर्चासाठी १९३१ मध्ये ब्रुअरी काढली. नव्या मठाचे वास्तुविशारद आंरी वाएस यांनीच ऑर्वालचा रुंद पेला आखला. लेबलावर तोंडात सोन्याची अंगठी धरलेला मासा आहे. काउंटेस मातिल्दाची झऱ्यात पडलेली अंगठी माशाने परत आणून दिली, अशी त्यामागची आख्यायिका. जुन्या मठाचे अवशेष आणि तो झरा आजही पाहता येतात.

इथे दुकानात मिळणारी बिअर एकच आहे, ६.२ टक्क्यांची, नारिंगी झाक असलेली. तिची दोन वैशिष्ट्ये आहेत. मुरण्याच्या टाकीत पुन्हा सुके हॉप्स घातल्याने फुलांचा आणि गवताचा ताजा वास येतो. बाटली भरताना ब्रेटानोमायसेस नावाचे रानटी यीस्ट घालतात. साध्या यीस्टने सोडलेल्या शर्करा ते महिनोन्महिने सावकाश खात राहते. त्यामुळे बिअर वयाबरोबर कोरडी होत जाते आणि अल्कोहोल किंचित चढते.

दोन वयांच्या बाटल्या शेजारी ठेवल्या की हा फरक सहज कळतो. लेबलावर भरल्याची तारीख असते. काही आठवड्यांची बिअर हॉप्सने दरवळते, कडवट आणि तरतरीत लागते. वर्षभराची बाटली उघडताच फेस उसळतो. हॉप्सचा वास ओसरलेला असतो, जुन्या चामड्याचा आणि सुक्या गवताचा वास येतो, आणि घोट जवळजवळ पूर्ण कोरडा होऊन संपतो. यांपैकी कोणती श्रेष्ठ यावर ऑर्वालच्या भक्त मंडळींचे एकमत होत नाही. बेल्जियमच्या काही कॅफेंत ताजी हवी की मुरलेली, असे आधी विचारतात.

युनेस्कोने २०१६ मध्ये बेल्जियमच्या बिअरसंस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. मठांच्या बिअर त्या वारशाचा लहानसा भाग आहेत. पाणी, माल्ट, साखर, हॉप्स आणि यीस्ट या मुख्य सामग्रीतून पाच मठांनी पाच वेगळ्या चवी घडवल्या, आणि त्या टिकल्या त्या प्रत्येकाने आपल्यापुरती मर्यादा आखून घेतल्यामुळे. पिणाऱ्यालाही तीच शिस्त लागू आहे : योग्य तापमान, योग्य पेला, थोडे प्रमाण आणि भरपूर वेळ.