फाटक लागलंय? कॅमेरा काढा!

लोणावळा झालं, अलिबाग झालं, कासची फुलंही बघून झाली? मग एका वीकेण्डला अशा गावी जा, ज्याचं आडनावच रेल्वे आहे. धामणगाव रेल्वे, जिल्हा अमरावती. महाराष्ट्रात धामणगावं पुष्कळ, पण हे रेल्वेवालं. शेजारच्या चांदूरचं आडनावही तेच. मुंबईहून संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस पकडायची आणि सकाळच्या चहाला इथं उतरायचं. किल्ला नाही, धबधबा नाही. मी गेले होते गावाबाहेरच्या एका रेल्वे फाटकावर उभं राहून गाड्यांचे फोटो काढायला. हे ऐकून मैत्रिणीनं जो चेहरा केला, तोही फोटो काढण्यासारखा होता.

पण गाड्यांचं वेड असलेल्यांना विचारा. मुंबई-हावडा मेन लाइन, दोन्ही बाजूंना सपाट काळी शेतं, मध्ये घाट नाही की बोगदा नाही. १८६७ मध्ये जीआयपी रेल्वेचे रूळ नागपूरला पोचले. वऱ्हाडातून रूळ नेण्यात इंग्रजांना रस होता तो इथल्या कापसात. आज त्याच वाटेवरून हावडा मेल, आझाद हिंद, सेवाग्राम जातात आणि कोळशाच्या मालगाड्या तर विचारूच नका. नशीब असेल तर डब्ल्यूएजी-१२ दिसतं, बिहारमधल्या मधेपुऱ्याला बनलेलं १२,००० हॉर्सपॉवरचं जोडइंजिन. ते जवळून जाताना पायाखालची माती थरथरते. हे फोटोत येत नाही, सॉरी.

आता थोडं टेक्निकल. इथं रूळ साधारण पूर्व-पश्चिम आहेत, त्यामुळे हिवाळ्यात दिवसभर ऊन दक्षिणेकडून येतं. तुम्हीही रुळांच्या दक्षिणेलाच उभे राहा. सकाळी नागपूरकडे जाणाऱ्या गाडीच्या तोंडावर ऊन पडतं, संध्याकाळी मुंबईकडे जाणाऱ्या. आणि नेमकी गीतांजली दोन्ही वेळा दगा देते! मुंबईहून सकाळी सहाला सुटलेली ही गाडी इथं येते तेव्हा सूर्य तिच्या पाठीशी उतरायला लागलेला असतो. हावड्याहून येणारी सकाळी येते, तेव्हाही सूर्य पाठीमागेच. मला मात्र तीच हवी होती. मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना, १९७७ च्या डिसेंबरात ती सुरू झाली, एकही फर्स्ट क्लास नसलेली सुपरफास्ट म्हणून. (नंतर तिला एसी डबे लागले, हा भाग वेगळा.) शेवटी मी तिचा काळी सावली आणि धूळ असा फोटो काढला. वाईट नाही आला.

गेटमनकाकांशी गप्पा मारायच्या तर दोन गाड्यांच्या मधे. स्टेशनमधून फोन आला की ते आधी दोन्ही दांडे खाली घेतात, लॉक करतात, स्टेशनला तसं कळवतात. अशा फाटकांवर लॉक लागल्याशिवाय सिग्नल हिरवा होतच नाही. मग झेंडे घेऊन उभे राहतात आणि गाडीच्या चाकांकडे बघतात, कुठं धूर निघतोय का, काही लोंबतंय का. आपण इंजिनाकडे बघत असतो, ते शेवटच्या डब्यापर्यंत. एक सांगते, कॅमेरा दांड्याच्या अलीकडेच ठेवा. रुळांवर घुसलात तर १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड होऊ शकतो. आणि काकांना त्रास होतो तो वेगळाच.

फाटक लागलं की मला आनंद व्हायचा. माझ्या मागे हळूहळू रांग लागायची. कापसाची ट्रॅक्टर-ट्रॉली, दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल, शाळेच्या पोरींच्या सायकली, आणि एकदा तापानं फणफणलेल्या लेकराला मांडीवर घेऊन ऑटोत बसलेली आई. एक मालगाडी गेली. फाटक उघडेना, समोरून दुसरी यायची होती. ऑटोतली बाई काही बोलली नाही, नुसती पदरानं लेकराला वारा घालत होती. मी लेन्सवर झाकण लावलं.

ट्रॉलीवाले दादा मात्र बोलले. "ताई, तुमाले फोटू पायजे, आमाले पूल पायजे."

त्यांचं खरंय. ब्रॉडगेजवरची गेटमन नसलेली फाटकं देशभरातून २०१९ च्या जानेवारीपर्यंत संपली, आता गेटमनवाल्या फाटकांच्या जागी पूल आणि भुयारी रस्ते होताहेत. त्यात ७ ऑक्टोबर २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं वर्धा-भुसावळ तिसऱ्या आणि चौथ्या लाइनला मंजुरी दिली, ३१४ किलोमीटर. धामणगाव याच पट्ट्यात येतं. चार रुळांवर गाड्या धावायला लागल्या तर फाटक उघडं कधी असणार? म्हणून जायचं तर आत्ताच जा. डिसेंबर-जानेवारीत, कापूस रस्त्यावर असतो तेव्हा.

दुसरी गाडी गेली, दांडे वर उठले, ऑटो आधी सुटला. ट्रॉलीवाल्या दादांना मी स्क्रीनवर त्यांचाच फोटो दाखवला. पांढऱ्याशुभ्र कापसामागे लाल इंजिन. त्यांनी तो बराच वेळ बघितला.

"पूल झाल्यावर कुठून काढसान?"

"पुलावरून," मी म्हटलं.

"मंग त नुसते टप दिसन, ताई," असं म्हणून त्यांनी गिअर टाकला.