माघारीचा आकडा

अण्णांना जाऊन वर्ष झाले तेव्हा आम्ही भावंडे चाकूरच्या घरी जमलो आणि माळवदाच्या खोलीतली त्यांची लोखंडी ट्रंक उघडली. सातबाऱ्याचे जुने उतारे, अडतीच्या पट्ट्या, खताच्या पावत्या असा सगळा शेतकऱ्याच्या घरी असतो तो ऐवज होता. त्यातून दोन कागद वेगळे निघाले. एक होता २००२ सालच्या जिल्हा परिषद निवडणुकीतली उमेदवारी मागे घेतल्याचा, तहसील कचेरीचा शिक्का असलेला. दुसरे म्हणजे त्यांच्या खिशातल्या डायरीचे शेवटचे पान. त्यावर पेन्सिलीने ३३३, त्याखाली १११, मग एक आडवी रेघ आणि खाली ४४४ असे लिहिलेले होते. शाळकरी मुलाने मांडावी तशी बेरीज. शेजारी एक अक्षरही नाही. धाकट्याला तो तुरीचा नाही तर सोयाबीनचा हिशेब वाटला. थोरल्या बहिणीला मात्र आठवले की हे आकडे अण्णा कधीकधी जेवताना, काहीही संदर्भ नसताना, मोठ्याने म्हणत असत. ते कुठले आहेत याचा उलगडा आम्हांला एका इतिहासाच्या पुस्तकात झाला, आणि तेव्हापासून ही बेरीज आमची पाठ सोडत नाही.

१९५६ च्या ऑक्टोबरातली ती मतमोजणी आहे. गुजराती आणि मराठी मुलूख एकत्र ठेवणाऱ्या विशाल द्विभाषिक मुंबई राज्याची घोषणा झाली होती आणि त्या राज्याच्या काँग्रेस विधिमंडळ पक्षाला नेता निवडायचा होता. जो निवडला जाईल तोच मुख्यमंत्री होणार, हे उघड होते. १९५२ पासून मुख्यमंत्री असलेल्या मोरारजी देसाईंना पुन्हा नेतेपद हवे होते, पण ते एकमताने मिळावे अशी त्यांची अट होती. त्यांच्याच मंत्रिमंडळातले महसूलमंत्री, नाशिक जिल्ह्याचे भाऊसाहेब हिरे, यांनी आपण उभे राहणार असे सांगितले. एकमत होत नाही असे दिसताच मोरारजी बाजूला झाले आणि यशवंतराव चव्हाणांचे नाव पुढे आले. मतदान झाले. चव्हाणांना ३३३ आणि हिऱ्यांना १११ मते पडली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चव्हाण मुख्यमंत्री झाले. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा त्याचेही पहिले मुख्यमंत्री तेच.

हा इतिहास सातारा, पुणे, नाशिक या अंगाने पुष्कळ सांगितला गेला आहे. चाकूरच्या अंगाने तो थोडा वेगळा दिसतो. जुन्या मुंबई विधानसभेच्या जागाच मुळी ३१५ होत्या. तेव्हा ४४४ ही बेरीज एकट्या जुन्या मुंबई राज्याची असू शकत नाही. नव्या राज्यात येऊ घातलेल्या मुलखांचे प्रतिनिधीही तिच्यात आहेत. मराठवाड्याचे आमदार १९५२ साली निवडून गेले होते ते हैदराबादच्या विधानसभेवर. तिथे बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री होते, आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ लोकसभेत गेले होते. निजामाच्या राजवटीतून १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलेल्या या मुलखाला मतपेटीची ओळख होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती. अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे आमच्या भोवतालचे तालुके बीदर जिल्ह्यातून निघून उस्मानाबादला जोडले जायचे होते. लातूर जिल्हा व्हायला तर १९८२ साल उजाडावे लागले. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या या माणसांची पहिली ओळख नव्या घराशी झाली ती अशी, नेता मते मोजून निवडताना.

अण्णा तेव्हा अठरा वर्षांचे होते. त्यांच्या मनात ते आकडे का रुतले असतील? चव्हाण जिंकले म्हणून, असे आम्हांला आधी वाटले, कारण घरात चव्हाणांविषयी आदरच होता. पण मग नुसते ३३३ पुरले असते. अण्णांनी १११ लिहिले, आणि बेरीजही घातली. हरलेला आकडा मिळवल्याशिवाय पक्ष पुरा होत नाही, असे त्या आडव्या रेघेखाली लिहिलेले आहे, असे आता आम्ही समजतो. हिऱ्यांना आपण हरणार हे ठाऊक नसेल असे नाही. तरी ते उभे राहिले, आणि म्हणून सत्तर वर्षांनंतरही चौघांत एकजण त्यांच्या बाजूचा होता हे आपल्याला नेमके सांगता येते. मोरारजींना हवे होते ते एकमत झाले असते, तर त्या एकशे अकरा माणसांचे मन इतिहासात कुठेच नोंदले गेले नसते.

त्यानंतरची आपल्याकडची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. निवडणूक होते, आमदार जमतात, एका ओळीचा ठराव होतो की नेता निवडण्याचा अधिकार पक्षश्रेष्ठींना देण्यात येत आहे, आणि मग दिल्लीहून येणाऱ्या निरोपाची वाट पाहिली जाते. निरोप आला की सगळे त्या नावावर एकमत होतात. 'एकमत' हा शब्द आपण किती सहज वापरतो! मते मोजून ती सगळी एका बाजूला पडली तर ते एकमत. मोजलीच नाहीत, तर त्याला दुसरा शब्द असायला हवा होता. 'बिनविरोध' या शब्दाचेही तेच झाले आहे. गावची निवडणूक बिनविरोध झाली की सत्कार होतात, बक्षिसे जाहीर होतात. विरोध नव्हताच की तो बोलू दिला गेला नाही, हे विचारण्याची सोय त्या शब्दात नाही.

२००२ सालचा तो दुसरा कागद या शब्दांच्याच सावलीतला आहे. तीस वर्षे ज्या पक्षाचे काम केले त्याच्याकडे अण्णांनी आयुष्यात एकदाच, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, जिल्हा परिषदेचे तिकीट मागितले. मुलाखत झाली, नाव पक्के असल्याचे सांगण्यात आले, अण्णांनी अर्ज भरला. बी फॉर्म मात्र दुसऱ्याच्या हाती गेला. अण्णांचा अर्ज अपक्ष म्हणून उरला, आणि त्यांनी तो तसाच ठेवायचे ठरवले. मग माघारीच्या आदल्या रात्री अंगणात जीप आली. "अण्णा, आपल्याच माणसानं आडवं यावं का? पुढच्या येळी तुमचंच." अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी पाहुण्यांना चहा दिला.

इथवर ही गोष्ट मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात सांगता येईल. पुढची आमची आहे. त्या रात्री आम्ही सर्वांनी अण्णांना फोन केले. धाकट्याची नोकरी एका शिक्षणसंस्थेत कायम व्हायची होती आणि संस्थेचे चालक जीपमधून आलेल्यांच्या जवळचे होते. कुणी आम्हांला धमकावले नव्हते. तशी वेळच येऊ नये इतके आम्ही शहाणे होतो. आम्ही अण्णांना म्हणालो की वाद नको, वय झाले, हरलो तर चार माणसांत शोभा होईल. 'हरलो तर' हे आम्ही पुनःपुन्हा म्हणालो, जणू त्यांची लाज राखण्यासाठीच आम्ही बोलत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या आत अण्णा तहसील कचेरीत जाऊन सही करून आले. त्या दिवसाच्या पानावर डायरीत एवढेच आहे: झेरॉक्स, चहा, येण्याजाण्याचे भाडे. धाकटा जूनमध्ये कायम झाला.

या विषयावर वाचताना आम्हांला एका अमेरिकन कादंबरीने थांबवले. रॉबर्ट पेन वॉरन यांची 'ऑल द किंग्ज मेन' १९४६ साली प्रसिद्ध झाली आणि १९४७ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. दक्षिणेकडच्या एका राज्यातला विली स्टार्क हा खेड्यातला साधा वकील गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी उभा राहतो. तिकडे पक्षाचा उमेदवार पक्षाच्या पुढाऱ्यांनी नव्हे, तर सामान्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत मते देऊन ठरवायचा असतो. स्टार्क मनापासून भाषणे करतो, आणि मग त्याला कळते की आपल्याला उभे केले आहे ते फक्त प्रतिस्पर्ध्याची ग्रामीण मते फोडण्यासाठी. तेव्हा तो जमावापुढे जातो, आपल्याला कसे वापरले गेले ते सांगतो, आणि तिथेच माघार घेतो. पुढच्या खेपेला तो निवडून येतो, आणि पुढे ज्यांच्याविरुद्ध तो बोलला त्यांच्याहूनही निर्दय होतो. ती शोकांतिका पुढची. पण ती माघार! ती कुणाच्या अंगणात ठरत नाही, चारचौघांत मोठ्याने बोलली जाते. तिने विली स्टार्कला आवाज मिळतो. अण्णांच्या माघारीने त्यांचा होता तो आवाजही गेला. त्यानंतर ते राजकारणावर जेवताना बोलत नसत. फक्त ते दोन आकडे म्हणत.

अमेरिकन पद्धत निर्दोष आहे असे सुचवायचे नाही. ज्या वर्षी ही कादंबरी आली त्याच १९४६ मध्ये कॅलिफोर्नियात अर्ल वॉरन यांनी गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक अशा दोन्ही पक्षांची उमेदवारी मिळवली. तिथल्या तेव्हाच्या कायद्याने एकाच माणसाला दोन्ही पक्षांच्या प्राथमिक निवडणुकीत उतरता येत असे. ती सोय १९५९ मध्ये बंद झाली. दोन्हीकडचा उमेदवार एकच म्हटल्यावर नोव्हेंबरातले मतदान उपचारापुरते उरले. म्हणजे बिनविरोधाचा मोह तिकडेही आहेच. फरक इतकाच की त्या बिनविरोधापर्यंतही मते मोजत जावे लागले.

आपल्याकडे सत्तेच्या या खेळाचे चित्र म्हटले की अरुण साधूंची 'मुंबई दिनांक' (१९७३) आणि 'सिंहासन' (१९७७) या कादंबऱ्या डोळ्यांपुढे येतात, आणि विजय तेंडुलकरांच्या पटकथेवरचा जब्बार पटेलांचा १९७९ चा चित्रपट. मुख्यमंत्री आणि अर्थमंत्री दाभाडे यांची खुर्चीसाठीची झुंज आपण पत्रकार दिगू टिपणीसच्या नजरेतून पाहतो. वॉरन यांच्या कादंबरीतही जॅक बर्डन हा जुना पत्रकारच सांगतो. दोन्हीकडे पाहणारा माणूस शेवटी पाहून पाहून मोडकळीला येतो. पण साधूंचे सिंहासन मुंबईत आहे. माघारीच्या आदल्या रात्री तालुक्याच्या गावी एका अंगणात काय घडते, आणि ते घडवणारे घरातलेच असतात, हे सांगणारी कादंबरी आम्ही शोधतो आहोत. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कुणी ती लिहावी.

तिची सामग्री आमच्या जिल्ह्यात विपुल आहे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले: शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. विलासराव १९९५ मध्ये लातुरात हरले आणि १९९९ मध्ये मुख्यमंत्री झाले. चाकूरचे नाव ज्यांनी आडनावासारखे देशभर नेले ते शिवराज पाटील चाकूरकर १९८० पासून सलग सात वेळा लोकसभेवर निवडून गेले, १९९१ ते १९९६ सभापती राहिले, २००४ मध्ये लातुरातूनच रूपाताई पाटील निलंगेकरांकडून हरले, आणि त्यानंतर काही दिवसांतच देशाचे गृहमंत्री झाले. मतदारांनी नाकारलेल्याला पक्षाने निवडले, यावर तेव्हा टीका पुष्कळ झाली, आणि ती गैर नव्हती. पण आम्हांला त्यातली दुसरी गोष्ट आता दिसते. या दोघांचाही पराभव मोजलेला होता. तो लपला नाही, आणि त्याने त्यांचे आयुष्य संपलेही नाही. ज्या शोभेच्या भीतीने आम्ही अण्णांना मागे खेचले ती शोभा आमच्या जिल्ह्यातल्या मोठ्या माणसांनी पचवलेली होती.

परवा आम्ही २००२ च्या त्या निवडणुकीचा निकाल पुन्हा आठवून पाहिला. आमच्या गटात कोण जिंकले, कोण दुसरे आले, ते गावात अजून सांगतात. अण्णांना किती मते पडली असती हे कुणी सांगू शकत नाही. कदाचित अनामतही गेली असती. कदाचित एकशे अकरा मते पडली असती, आणि ती देणारे एकशे अकरा जण आज रस्त्यात भेटल्यावर आम्हांला तसे म्हणाले असते. माघार घेणाऱ्याच्या नावापुढे शून्यदेखील लिहीत नाहीत. मतपत्रिकेवर ते नावच नसते.

ट्रंकेतले बाकीचे कागद आम्ही वाटून घेतले. शिक्क्याचा तो कागद कुणी मागितला नाही. शेवटी धाकट्यानेच तो उचलला, डायरीच्या त्या शेवटच्या पानात घडी करून ठेवला, आणि डायरी आपल्या पिशवीत घातली. त्याला कुणी काही विचारले नाही.